जुनें यंत्र आणि नवा साथीदार

जीर्णोद्धार करितांना मूळ वस्तूचा अंश किती राखावा, हा वाद देवळांपुरता किंवा चित्रांपुरता राहिलेला नाहीं. विसाव्या शतकांतील महागणकांनींही तो आपल्यापुढें मांडिला आहे.

महागणक म्हणजे एकटें यंत्र नव्हे. आंकडेमोड करणारा मध्यवर्ती भाग आणि त्याच्या सेवेंतील तबकड्या, फिती, छपाईयंत्रें असा तो परिवार होय. मध्यवर्ती भागांत हलणारें असें फारसें कांहीं नसतें. बिघडलेला ट्रान्झिस्टर बदलला कीं तो पुन्हा चालूं लागतो. तबकडीचें तसें नाहीं. ती मिनिटास सुमारें ३,६०० फेरे घेते, आणि वाचणारें टोंक तिच्यापासून केंसाहूनही कमी अंतरावर तरंगतें. तें एकदां घासलें कीं तबकडी व मजकूर दोन्ही गेलीं.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या अमेरिकन कंपनीचें १९६६ चें पीडीपी-१० घ्या. ह्याच वंशांतलें डेकसिस्टिम-१० सत्तरीच्या दशकांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतही काम करीत होतें. सिअ‍ॅटल येथें शाळेंत असतां पॉल अ‍ॅलन ह्यांना पीडीपी-१० वापरावयास मिळालें. पुढें मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक झालेल्या ह्या गृहस्थांनीं त्याच शहरांत जुनीं गणकयंत्रें चालतीं ठेवणारें संग्रहालय उभारलें. तें २०१२ सालीं लोकांस खुलें झालें.

तेथील तंत्रज्ञांनीं 'मासबस' ह्या मूळ जोडणीस लागणारें अनुकारी उपकरण तयार केलें. महागणक पूर्वीच्याच तारेनें मजकूर मागतो; उपकरण तबकडीच्याच संकेतांत उत्तर देतें. मजकूर मात्र आजच्या साध्या संगणकांत साठविलेला असतो. साथीदार निवर्तल्यावर नव्या तबलजीनें जुन्याच ठेक्यावर साथ धरावी आणि गवयास फरक जाणवूं नये, तसाच हा प्रकार.

ही फसवणूक नव्हे काय? मला तसें वाटत नाहीं. मूळ यंत्राची एकही तार न तोडतां हें उपकरण जोडतां येतें व काढतांही येतें. मूळची तबकडी झिजेपासून वांचते. तिची घरघर मात्र हरपते, हें पाहुण्यास स्पष्ट सांगितलें पाहिजे. न सांगितल्यास तो अनुकार लबाडीच ठरेल.

अ‍ॅलन २०१८ सालीं वारले. संग्रहालयाचीं दारें २०२० मध्यें बंद झालीं, २०२४ सालीं तें कायमचें मिटल्याचें जाहीर झालें, आणि संग्रहांतील कांहीं यंत्रें लिलावांत निघालीं. तबकडीचा अनुकार साधला. पण यंत्रें जिवंत ठेवणाऱ्या माणसांचा व संस्थेचा अनुकार करणारें उपकरण अद्याप कोणीं घडविलेलें नाहीं. तें काम समाजानें स्वतःच करावयाचें असतें.