विटाळ, वस्त्र आणि पाणी

20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाड येथेच मनुस्मृतीचे दहन झाले. या दोन्ही घटनांचा स्त्रीच्या मासिक पाळीशी असलेला संबंध मात्र क्वचितच ध्यानात घेतला जातो.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील 85 वा श्लोक पाहावा. ज्यांचा स्पर्श झाला असता स्नानानेच शुद्धी होते, त्यांत चांडाळ, रजस्वला, पतित, बाळंतीण आणि प्रेत यांची एकत्र गणना केली आहे. चांडाळाचा विटाळ जन्माचा आणि रजस्वलेचा काही दिवसांचा, एवढाच काय तो भेद. अस्पृश्य स्त्रीच्या वाट्याला दोन्ही आले.

विनयपिटकाची दृष्टी निराळी आहे. ऋतुमती भिक्खुनींमुळे आसने डागाळतात, असे कळल्यावर भगवान बुद्धांनी आवसथचीवराची अनुज्ञा दिली. तेही डागाळू लागले, तेव्हा आणिचोळक, म्हणजे कापडाची घडी. ती गळून पडू लागली, तेव्हा ती दोऱ्याने बांधण्याची मुभा. दोरा तुटू लागला, तेव्हा लंगोट आणि कटिसुत्तक. चुल्लवग्गातील हा वृत्तांत आहे. पुढे थुल्लनंदा भिक्खुनी ते सामायिक वस्त्र सोडीना आणि इतर भिक्खुनींची अडचण झाली. त्यातून भिक्खुनींचे 47 वे पाचित्तिय आले : दोन-तीन रात्री वापरून चौथ्या दिवशी वस्त्र धुऊन दुसरीस द्यावे. येथे दोष रक्तस्रावाचा नाही. वस्त्र अडवून ठेवण्याचा आहे.

परंतु वस्त्र धुवायचे तर पाणी हवे. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला, तरी न्यायालयीन लढा 1937 पर्यंत चालला. शेजारच्या पोलादपूर तालुक्यात पाऊस उदंड पडतो. तरीही डोंगरातील वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाण्याची टंचाई पाळीच्या दिवसांत स्त्रीला अधिक जाचते.

2018 मध्ये सॅनिटरी नॅपकिनवरील वस्तू व सेवा कर रद्द झाला. त्याच वर्षी शबरीमला प्रकरणात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात, पाळीच्या कारणावरून स्त्रीला वगळणे हा अस्पृश्यतेचाच प्रकार असून संविधानाच्या 17 व्या अनुच्छेदाच्या विरुद्ध आहे, असे मत नोंदविले. महाडचा वारसा सांगणाऱ्यांना हे मत अपरिचित वाटू नये.

म्हणून उपासक-उपासिकांनी आपल्या घराकडे पाहावे. मुलीला चार दिवस ‘बाहेर’ बसविले जात असेल, तर जो श्लोक महाडला अग्नीत गेला, तोच आपल्या घरात पाळला जात आहे. तिला स्वच्छ वस्त्र, पुरेसे पाणी आणि घरातील नेहमीची जागा देणे, हेच विनयाला धरून आहे.