तुमेन नदीकाठच्या संघाची वंशावळ

चीनच्या ईशान्य टोकाला, जीलिन प्रांतात, उत्तर कोरियाला खेटून यानबियान नावाचा स्वायत्त प्रदेश आहे. इथल्या दुकानांच्या पाट्या कोरियन आणि चिनी अशा दोन्ही लिपींत दिसतात. या प्रदेशाचा फुटबॉल संघ बराच काळ खालच्या श्रेण्यांत खेळत आला. त्याची नावं बदलली, मालक बदलले, एकदा त्याची जागा विकली गेली, एकदा तो बुडालाही. तरी आज इथल्या यानजी शहरात ‘आपला संघ’ म्हटलं की कोणता, हे कुणाला विचारावं लागत नाही.

मुळाशी जायचं तर तुमेन नदी ओलांडावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुष्काळाला कंटाळलेली कोरियन शेतकरी कुटुंबं ही नदी पार करून इकडे आली आणि त्यांनी भातशेती वसवली. 1910 साली जपाननं कोरिया गिळंकृत केल्यावर हा ओघ वाढला. त्यात आता शिक्षक आणि स्वातंत्र्यवादीही होते. त्यांनी लोंगजिंग गावात आणि आसपास शाळा काढल्या. कवायतीबरोबर फुटबॉल या शाळांच्या मैदानांवर रुजला. पुढं यानबियानला ‘फुटबॉलचं माहेर’ म्हणायची पद्धत पडली, तिचा उगम या शाळांत आहे.

1952 साली यानबियानला स्वायत्तता मिळाली आणि 1955 साली जीलिन प्रांताचा संघ उभा राहिला. नाव प्रांताचं असलं तरी खेळाडू मुख्यतः यानबियानच्या कोरियन घरांतले. दहाच वर्षांत, 1965 साली, हा संघ राष्ट्रीय विजेता झाला. पेइचिंग-शांघायच्या तोडीचं काही नसलेल्या सीमाभागानं देशाचं अजिंक्यपद नेलं. पण हे यश मुरायला वेळच मिळाला नाही. पुढच्याच वर्षी सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि लीगचे सामनेच थांबले.

1994 साली चीनमध्ये व्यावसायिक लीग आली. चीन आणि दक्षिण कोरिया यांचे राजनैतिक संबंध जेमतेम 2 वर्षांपूर्वी, 1992 साली, जुळले होते. आणि या संघाच्या नावापुढं थेट सॅमसंग लागलं! मग ह्युंदाई आलं. त्यानंतर पाळी आली आओतुंगची. ही तुनह्वा गावची औषध कंपनी, मूळची हरणं पाळणारी. निदान ती तरी यानबियानचीच होती.

1997 या वर्षाची आठवण यानजीतली जुनी माणसं अजून काढतात. दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय संघाला शिकवून झालेले, विद्यापीठात प्राध्यापकी करणारे छै उन-थैक प्रशिक्षक म्हणून आले. मोठ्या शहरांच्या श्रीमंत संघांसमोर त्यांनी अखंड धावणारा, दमसासावर उभा असलेला खेळ बसवला. संघ चौथा आला. मधल्या फळीतला काउ चुंगश्युन राष्ट्रीय संघातून खेळत होता.

तीनच वर्षांत घसरण झाली. 2000 साली संघ वरच्या श्रेणीतून खाली गेला आणि मालकांनी लीगमधली त्याची जागा दूर दक्षिणेतल्या हांगचौच्या ल्यूचंग या बांधकाम कंपनीच्या क्लबला विकून टाकली. आजचा चचियांग क्लब त्या व्यवहारातून वर आला. यानबियानकडं उरली ती पोरसवदा मुलं. ती तिसऱ्या श्रेणीत खेळू लागली आणि 2004च्या हंगामानंतर दुसऱ्या श्रेणीत पोचली. खालच्या श्रेणीतली ही वर्षं अभिलेखात कोरडी दिसतात. संघ टिकला तो मात्र याच वर्षांत.

2014 साली तो दुसऱ्या श्रेणीतही तळाला गेला. नियमानं खाली जायचं होतं, पण दुसरे क्लबच बाद झाल्यानं जागा वाचली. नवे कोरियन प्रशिक्षक पाक थै-हा आले आणि 2015 साली हाच संघ श्रेणीचा विजेता झाला. ज्याची गच्छंती ठरली होती तो 15 वर्षांनी वरच्या श्रेणीत परतला! ‘फूत’ या विमा कंपनीचं नाव लावून 2016 साली तो तिथं नववा आला आणि 2017 साली पुन्हा घसरला.

मग घाव बसला तो मैदानाबाहेर. 2018च्या अखेरीस ह्वांग सन-होंग यांची प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. 2002च्या विश्वचषकात पोलंडविरुद्ध गोल करून दक्षिण कोरियाच्या विश्वचषक स्पर्धेतल्या पहिल्या विजयाचा पाया घालणारे तेच हे ह्वांग. त्यांना एकही सामना खेळवता आला नाही. थकलेल्या कराखाली दबून 2019च्या फेब्रुवारीत क्लब विसर्जित झाला. खेळाडूंना बाजार मिळालाच. छ्र चुंगकुओसारखे यानबियानचे खेळाडू त्याआधीच पेइचिंगला गेले होते.

रिकाम्या जागी लोंगजिंगचा क्लब आला. 2017 साली स्थापन झाला तेव्हा त्यानं गावच्या हायलान नदीचं नाव घेतलं होतं. पुढं तो यानबियान लोंगतिंग झाला. 2021पासून चीनमध्ये क्लबच्या नावात कंपनी चालत नाही, त्यामुळं सॅमसंग-ह्युंदाईची परंपरा नियमानंच संपली. 2023 साली लोंगतिंग दुसऱ्या श्रेणीत पोचला आणि यानजीच्या मैदानावर पुन्हा कोरियन घोषणा उठू लागल्या.

कागदावर या क्लबचा 1965च्या अजिंक्यपदाशी काही संबंध नाही. लीगमधली जुनी जागा हांगचौला गेली, मधला वारस कराच्या थकबाकीत मेला. वकिलाला विचारलं तर लोंगतिंगचं कूळ 2017 पासून सुरू होतं. यानजीच्या प्रेक्षकाला विचारलं तर 1955 पासून.