साष्टीतला इंग्रज पाद्री: एक प्रवास आणि एक पुराण

फादर थॉमस स्टीफन्स म्हटलं की आपल्याकडे लगेच मराठीची थोरवी सांगणारी ती ओवी आठवते. शाळेत ती पाठ करून घेतात, भाषणात म्हणतात, आणि विषय तिथेच संपतो. ओवी सुंदर आहे, वादच नाही. पण ती लिहिणारा माणूस साष्टीत आला कसा, आणि इथे येऊन त्याने काय पाहिलं, याची चौकशी फारशी कुणी करत नाही. आज बोलायचं आहे ते त्याविषयी.

स्टीफन्सचा जन्म साधारण 1549 चा, इंग्लंडातल्या विल्टशायर परगण्यातला. बाप व्यापारी. त्या काळी इंग्लंडात राणी एलिझाबेथचं राज्य आणि प्रॉटेस्टंट पंथ. कॅथलिक असणं म्हणजे संकट ओढवून घेणं. टॉमस पाउंड नावाच्या एका कॅथलिक गृहस्थाबरोबर हा त्याचा नोकर असल्याचं सोंग घेऊन हिंडत असे. दोघांचाही बेत रोमला जाऊन जेझुइट व्हायचा. पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षं तुरुंगात गेली. स्टीफन्स निसटला, रोमला पोचला, आणि ऑक्टोबर 1575 मध्ये जेझुइट संघात दाखल झाला. म्हणजे बघा, श्रद्धेपायी सरकारचा ससेमिरा कसा लागतो, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. हा मुद्दा ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

4 एप्रिल 1579 ला लिस्बनहून पाच जहाजांचा ताफा निघाला, त्यात तो होता. गोव्यात पोचला 24 ऑक्टोबरला. पोचल्यावर पंधरा-सतरा दिवसांत, 10 नोव्हेंबरला, त्याने बापाला एक लांबलचक पत्र लिहिलं. रिचर्ड हॅकलूटने ते 1589 साली आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापलं, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतं. पाद्र्याचं पत्र म्हणून धर्माच्या गोष्टी शोधायला जाल तर थोडे निराश व्हाल. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडून जहाजं खोळंबली ते आहे. केप ऑफ गुड होपच्या पुढे जहाज जमिनीच्या इतकं जवळ गेलं की सगळ्यांनी आशा सोडली ते आहे. उत्तर-दक्षिण अंतर मोजता येतं, पण पूर्व-पश्चिम मोजायला काही ठाम साधन नाही, ही खलाशांची अडचण त्याने बापाला समजेल अशी उलगडून सांगितली आहे. प्रवाहाने जहाज भलतीकडे ओढलं, हिंदुस्थान जवळ आला म्हणावं तर निघालं सोकोत्रा!

आणि रोग. ताज्या अन्नावाचून महिनोन् महिने गेले की हिरड्या सुजतात, कापून काढाव्या लागतात, पाय सुजतात, अंग दुखतं. जहाजावर दीडशेहून जास्त माणसं आजारी पडली, सत्तावीस गेली. ही संख्या इतर खेपांच्या मानाने फार नाही असं तिथले लोक समजतात, हेही तो सरळ लिहून टाकतो. बापाने हे वाचलं तेव्हा त्याचं काय झालं असेल, कोण जाणे. शेवटी माडाची गोष्ट आहे. नारळ, माडाची दारू, एकाच झाडापासून मिळणाऱ्या किती वस्तू! नवख्या माणसाची पहिली माया माडावर बसते, हे आपल्याकडे अजूनही चालू आहे.

आता खरा प्रश्न. ज्या साष्टीत त्याला पाठवलं गेलं, तिथे श्रद्धेची स्थिती काय होती? 1567 साली पोर्तुगीज फौजेने साष्टीतली देवळं पाडली होती. देव हलवले गेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. जुवारी नदीच्या पलीकडे आदिलशाही मुलूख होता, तिथे लोकांनी रातोरात मूर्ती नेल्या. मिशनऱ्यांच्या प्रवासाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, पण हाही प्रवासच, श्रद्धेपायी केलेला, आणि तोही जिवावर उदार होऊन. दोन्ही एकाच वहीत मांडले पाहिजेत असं मला वाटतं.

जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले. त्यांत रोदोल्फो आक्वाव्हिवा होता, अकबराच्या दरबारातून नुकताच परतलेला. इगर्जीसाठी जागा बघायला हे लोक गेले होते. गावाचं देऊळ आधीच मोडलेलं होतं, देवी फातर्प्याला गेली होती, आणि राग साचलेला होता. पुढे गावच्या मुखत्यारांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांना ठार केलं. एक जण नदीत उडी टाकून वाचला, असं कुंकळ्ळीत आजही सांगतात. चर्चने त्या पाच जणांना हुतात्मे म्हटलं, कुंकळ्ळीकरांनी आपल्या मुखत्यारांचं स्मारक उभारलं. इथे एकाच बाजूची गोष्ट सांगणारा इतिहासकार मला तरी पटत नाही.

त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला स्टीफन्सने पॅरिसला असलेल्या भावाला पत्र लिहिलं. इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनशी जुळते, असं त्यात त्याने नोंदवलं. भाषाशास्त्रवाले या एका निरीक्षणासाठी त्याला मान देतात, कारण विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. सहकाऱ्यांचे खून होऊन तीन महिने झालेले, आणि हा माणूस भाषेकडे कान लावून बसलेला! ज्या गावकऱ्यांविषयी इतरांच्या मनात संताप होता, त्यांचंच बोलणं हा मन लावून ऐकत होता, असा मी त्याचा अर्थ लावतो. कुणाला हा अर्थ ओढूनताणून वाटेल, वाटो.

त्या वर्षअखेरीची आणखी एक हकीकत आहे. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी वगैरे चार इंग्रज हेर असल्याच्या संशयावरून कैद होऊन गोव्यात आले. ते प्रॉटेस्टंट, म्हणजे स्टीफन्सला मायदेश सोडावा लागला त्या पक्षाचे. त्यांना जामीन मिळवून द्यायला हाच धावला. पुढल्या एप्रिलात फिच-न्यूबेरी गोव्यातून पळाले, आणि फिच 1591 ला लंडनला सुखरूप पोचला. गावची बोली कानावर पडली की पंथ विसरायला होतो, दुसरं काय!

यानंतर तीसेक वर्षांनी, 1616 साली, राशोलला क्रिस्तपुराण छापलं गेलं, रोमन लिपीत, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. त्याच्या आरंभीच एक प्रसंग आहे, ज्याकडे माझ्या मते पुरेसं लक्ष गेलेलं नाही. एक बाटलेला ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो: आमची जुनी पुराणं तुम्ही मना केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला आम्हांला काही का देत नाही? प्रश्न साधा आहे, पण आरोप त्यात आहेच. आणि तो आरोप पुराणकर्त्याने स्वतःच्या लेखणीने, पहिल्याच अवस्वरूत लिहून ठेवला. झाकला नाही. त्याला उत्तर म्हणून हे सगळं पुराण आहे. इंग्लंडात ज्याची उपासना हिरावली गेली होती, त्यालाच इथे हिरावून घेणाऱ्यांच्या बाजूने उत्तर द्यावं लागलं. त्याने ते ओवीत दिलं, वैकुंठ आणि मुक्ती हे शब्द वापरून दिलं. तेवढ्याने देवळं परत आली नाहीत, हेही खरं.

स्टीफन्स 1619 ला वारला. 1649 आणि 1654 ला पुराण पुन्हा छापलं, पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. 1684 मध्ये सरकारने लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. म्हणजे पाद्र्यांनी जी भाषा कष्टाने शिकली, तीच गुन्हा ठरली. पुराण वाचलं ते हस्तलिखितांमुळे, आणि त्यांत गोवा सोडून कानडा किनाऱ्याला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचा वाटा मोठा. घर-जमीन टाकून गेलेल्यांनी पोथ्या मात्र नेल्या. टिपूने त्यांना 1784 मध्ये श्रीरंगपट्टणला कैदेत नेलं, तेव्हा याच ओव्यांनी धीर दिला अशी तिकडे आठवण सांगतात. अशाच हस्तलिखितांवरून जे. एल. साल्ढाणा यांनी 1907 साली मंगळूरला रोमन लिपीतली आवृत्ती काढली. देवनागरी आवृत्तीसाठी 1956 पर्यंत थांबावं लागलं, ती शांताराम बंडेलूंनी पुण्याहून काढली. आपल्या मंडळींपैकी कुणाच्या घरी, जुन्या पेटीत, रोमन अक्षरांतल्या ओव्यांची वही असेल तर कृपा करून ती रद्दीत घालू नका, आधी आम्हांला दाखवा.