लांब पाठीची गाडी

छकडा आणि खटारा हे दोन शब्द आपल्या भाषेंत शेजारीं शेजारीं नांदतात; पण त्यांची प्रतिष्ठा सारखी नाहीं. छकडा म्हणजे माणसें घेऊन पळणारी हलकी, चपळ गाडी. खटारा म्हणजे ओझ्याची. माणसाचें वाहन निराळें आणि ओझ्याचें निराळें, ही समजूत बैलांबरोबर गेली असती तर बरें झालें असतें. पण मोटार आली तरी ती टिकून राहिली. आज ज्या गाडीविषयीं मी बोलणार आहें, ती ह्या समजुतीमुळें आपल्याकडे रुजली नाहीं. इंग्रज तिला इस्टेट कार म्हणतात, अमेरिकन स्टेशन वॅगन म्हणतात. मी तिला लांब पाठीची गाडी म्हणेन.

स्टेशन वॅगन हें नांव मोठें बोलकें आहे. आगगाडीनें आलेल्या पाहुण्यांस त्यांच्या ट्रंकांसह घरीं पोंचविणारी गाडी ती ही. अमेरिकेंत फोर्डच्या सांगाड्यावर लांकडी घर चढवून अशा गाड्या निघत. १९२९ सालीं फोर्ड कंपनीनें स्वतःच ती बाजारांत आणली. आमच्याकडे आगगाडी त्याच्या कितीतरी आधीं आली होती. १८५४ त ती कल्याणास पोंचली आणि १८५६ त कल्याणहून खोपोलीपर्यंत गेली. अंबरनाथ आणि बदलापूर हीं त्याच मार्गावरचीं गांवें. स्टेशनाबाहेर टांगे उभे राहिले, मागाहून रिक्षा उभ्या राहिल्या. वॅगन मात्र उभी राहिली नाहीं.

कारखाना दूर होता म्हणावें, तर तसेंही नाहीं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ त प्रीमियर कंपनी स्थापिली आणि १९४७ त तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिली मोटार बाहेर पडली. पुढें तेथेंच फियाट आणि पद्मिनी तयार झाल्या. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या डिकींत उतारूंचें सामान मावेना, तेव्हां छपरावर लोखंडी कॅरिअर बसला. ओझें डोक्यावर गेलें, पण गाडीची पाठ डौलदारच राहिली! ऑक्टोबर २०२३ मध्यें शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तोंपर्यंत हा थाट चालला होता.

पुण्याच्या टाटांनीं १९९२ त 'इस्टेट' ह्याच नांवाची गाडी काढली. १९४८ घनसेंटिमीटरचें डिझेल एंजिन आणि ऐसपैस घर. पण ती जड होती, आणि बेताच्या संसाराला मोठीच वाटे. आमच्या विषयाला खरी जुळते ती २००४ सालची इंडिगो मरीना. इंडिका ह्या छोट्या गाडीच्या वंशांतली ही. पाठ लांब, परंतु बसकण सलून गाडीसारखी खालीं, आणि चारी चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. बारवी धरणाच्या वळणावळणाच्या रस्त्यानें ज्यानें ती चालविली आहे, त्याला ओझ्याची गाडी आणि चपळ गाडी एकच असूं शकते हें सांगावें लागत नाहीं.

मग असें काय झालें? लोकमत प्रतिकूल होतेंच. त्यांत सरकारी गज पुढें आला. २००६ च्या अंदाजपत्रकांत चार मीटरांच्या आंतील छोट्या एंजिनाच्या गाड्यांवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. मरीना चार मीटरांच्या थोडी पुढें जाई. कारखानदारांनीं काय करावें? २००८ सालीं इंडिगोचीच शेपटी कापून चार मीटरांत बसणारी सी. एस. ही गाडी आली. मरीनाचें उत्पादन कांहीं काळानें थांबलें. घराची लांबी कराच्या फूटपट्टीनें ठरावी, तसें हें झालें. ती फूटपट्टी २०२५ च्या वस्तु-सेवा-कराच्या फेररचनेंतही कायम राहिली आहे.

आमच्या घरीं ही गाडी २००६ त आली. मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतींत माझा प्रेसचे साचे करण्याचा लहानसा कारखाना. सकाळीं पोत्यांत गुंडाळलेले साचे, दुपारीं उल्हासनगरच्या बाजारांतून एखादें कपाट, भाद्रपदांत गणपति, मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या. सगळें त्याच पाठींत. शेजारी हंसत. वडिलांनीं तर पहिल्याच दिवशीं ओटीवरून विचारलें, "अरे, ही मयताची गाडी दारांत कशाला आणलीस?"

२०१३ च्या श्रावणांत ते न्हाणीघरांत पाय घसरून पडले. खुब्याचें हाड मोडलें होतें. बाहेर पाऊस कोसळत होता. बोलावलेली रुग्णवाहिका तासभर झाला तरी येईना. धाकट्या भावानें मागचें आसन आडवें केलें, त्यावर गादी घातली, आणि आम्ही त्यांना फळीसकट उचलून आंत ठेवलें. उंचीनें बेताचे, म्हणून तिरपे निजवितां आले. कल्याणपर्यंतच्या खड्ड्यांचें वर्णन करीत नाहीं; श्रोते ते जाणतात. मी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी हांकीत होतों आणि मागून कण्हणें ऐकूं येत होतें. उल्हासनगर ओलांडल्यावर तें थांबलें. माझ्या हातांतील चाक थरथरलें. तेवढ्यांत आवाज आला, "मयताची गाडी बरी चालते रे."

पुढें सहा वर्षें ते काठी घेऊन चालले, आणि शिवमंदिराला जायचें तर ह्याच गाडींतून, हा त्यांचा हट्ट असे.

पंधरा वर्षें झालीं तेव्हां, २०२१ त, फेरनोंदणीनें पांच वर्षांची मुदत मिळाली. तीही सरत आली आहे. मागच्या दाराची कांच गेल्या पावसाळ्यांत तडकली, ती मला कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत तिसऱ्या खेपेस सांपडली. दुकानदार म्हणाला, "दादा, आतां ह्या गाडीचे भाग मागायला कोणी येत नाहीं." मीं त्याच्याकडून मागच्या दिव्यांची एक जोडीही घेऊन ठेवली आहे.