ट्रकवरचा रेल्वेचा भोंगा आणि ब्रेकची हवा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. गाडीवाले असाल तर शेवटपर्यंत वाचा. नसाल तर घरातल्या गाडीवाल्याला वाचून दाखवा.

शिरूर तालुक्यात रेल्वे नाही. इंग्रजांच्या काळात घोडनदीची छावणी मोठी होती, कोरेगावच्या लढाईला स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली, पण रूळ काही आपल्या वाट्याला आले नाहीत. १८५८ साली पुण्याला आलेली रेल्वे पुढे दौंडवरून सोलापूरकडे गेली. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग झाला, तोही भीमा ओलांडून श्रीगोंद्याच्या बाजूने निघून गेला. दौंड जंक्शन झालं, आपण एसटीवर राहिलो. असं असूनही न्हावऱ्यात आमच्या घरी रात्री दीड वाजता रेल्वेचा भोंगा ऐकू येतो. आजी कूस बदलत म्हणते, "आज गाडी लेट दिसती." आजीची ती गाडी म्हणजे चौफुल्याकडे जाणारा ट्रक.

हा भोंगा रुळावरून ट्रकवर कसा आला, याची गोष्ट मजेशीर आहे. वाफेच्या इंजिनाला भोंगा नव्हताच, शिट्टी होती आणि ती वाफेवर वाजायची. हवेचा संबंध आला तो ब्रेकमुळे. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. त्या पहिल्या रचनेत मोठी खोट होती. इंजिनातून दाबाची हवा सोडली की ब्रेक लागायचा, म्हणजे वाटेत नळी तुटली की ब्रेकच गेला. दोन-तीन वर्षांत त्यानेच ती रचना उलटी केली. नळीत हवा भरलेली असेल तोवर ब्रेक सुटलेला, हवा गेली की ब्रेक आपोआप लागणार. ही उलटापालट लक्षात ठेवा, पुढे आमच्या गाडीच्या बाबतीत कामाला येणार आहे.

आपल्याकडे डब्यांना बरीच वर्षं व्हॅक्यूम ब्रेक होते, पण १९६० च्या दशकात आलेल्या डिझेल इंजिनांवर कॉम्प्रेसर आणि हवेच्या टाक्या होत्याच. वाफ गेली, शिट्टी गेली, टाकीतल्या हवेवर भोंगा आला. परदेशात हे आधीच घडलं होतं आणि तिथे एक घोळ झाला. डिझेल इंजिनाचा एकसुरी भोंगा लोकांना ट्रकच्या हॉर्नसारखा वाटायला लागला. फाटकावर माणसं फसायला लागली. म्हणून कॅनडात रॉबर्ट स्वॉन्सन नावाच्या माणसाने १९४० च्या दशकाच्या शेवटी जुन्या शिट्टीसारखे अनेक सूर एकदम लागणारे भोंगे तयार केले. ट्रकपासून वेगळं ऐकू यावं म्हणून रेल्वेने आवाज बदलला, आणि आज आपली पोरं हौसेने तोच आवाज ट्रकवर बसवतात!

आता मुद्द्याचं. मोठ्या ट्रकच्या टाकीत साधारण ८ बार दाबाची हवा असते. ती ब्रेकसाठी असते. हॉर्न त्यातलाच घास घेतो. कंपनीचा साधा एअर हॉर्न थोडी हवा खातो, बारीक नळीवर भागतं. रेल्वेछाप भोंग्याचं तसं नाही. त्याला सहा मिलीमीटरची नायलॉन नळी दिली, जिचं आतलं भोक चार मिलीमीटरचं असतं, तर तो वाजत नाही, नुसता खोकतो. मग गॅरेजवाला सांगतो, बारा मिलीमीटरची टाका. तिचं भोक नऊ मिलीमीटर. हिशेब करून बघा, हवा जायची वाट पाचपट झाली. आवाज दणक्यात लागतो, मालक खूश. पण तीच नळी निसटली तर टाकीही तितक्याच वेगाने रिकामी होते, हे कुणी सांगत नाही.

आमच्या गाडीवर हेच झालं. भावाने हौसेने भोंगा बसवला, मीही तेव्हा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला होता. बसवणाऱ्याने टी मारला तो हाताला सोपा म्हणून थेट मागच्या ब्रेकच्या टाकीवर. जोडाला प्लॅस्टिकची पुश फिटिंग, नळी दाबली की आपोआप धरणारी. ही फिटिंग वाईट नाही. रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांत मशीनवर अशा शेकडो असतात. पण तिथलं मशीन जागेवर उभं असतं. ट्रकच्या चासीला हादरे, चिखल, सायलेन्सरची धग. नळी तिरकी कापलेली, आत पितळी बुश नाही. उसाच्या हंगामात रात्री पारगावच्या पुलाच्या अलीकडे ती निसटली. बझर वाजला, भाऊ गाडी कडेला घेईपर्यंत मागची चाकं जॅम. वेस्टिंगहाउसची उलटापालट ती हीच, हवा गेली की स्प्रिंगने ब्रेक लागतो. गाडी पुलावरून खाली गेली नाही, ती त्यामुळेच. मात्र निम्म्या रस्त्यात आडवी उभी राहिली, आणि मागून येणारा मोटरसायकलवाला अंधारात धडकला. पोरगं गावातलंच. पाय दोन ठिकाणी मोडला. दवाखान्याचं आम्ही केलं, करायलाच हवं होतं. तो अजून लंगडतो. समोरून आला की मला नजर वर करता येत नाही.

त्यानंतर मी एका जुन्या ब्रेकमिस्त्रीजवळ बसून हे समजून घेतलं. कुठलाही हवेचा हॉर्न असो, हवा ब्रेकच्या टाकीवरून घ्यायचीच नाही. प्रोटेक्शन व्हॉल्व्हला जादा कामांसाठी वेगळी वाट असते, तिथून घ्यायची. म्हणजे हॉर्नची नळी फुटली तरी व्हॉल्व्ह ती वाट तोडतो आणि ब्रेकची हवा राहते. नळी एअर ब्रेकसाठीची नायलॉनचीच, मऊ पारदर्शक पीयू नको, ती धगीने ढिली पडते. जोड पितळी, नट आणि फेरूलचे, नळीच्या तोंडात बुश. नळी सरळ कापायची, हॅक्सॉने नाही, पात्याने. चालू-बंद व्हॉल्व्ह टाकीजवळ, म्हणजे पुढची लांब नळी एरवी रिकामी राहते. मग साबणाचं पाणी लावून प्रत्येक जोड बघायचा. मिस्त्री म्हणाले, "बुडबुडा दिसला की टेफलॉन गुंडाळत बसू नका, जोड बदला." फेरूलचा जोड फेरूलवरच बसतो, तिथे टेप काही करत नाही.

आणि हे सगळं साध्या हॉर्नसाठी बरं का. रेल्वेचा भोंगा कितीही चांगल्या फिटिंगने बसवला तरी रस्त्यावर चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ११९: एकामागून एक वेगळे सूर काढणारा किंवा कर्कश, दचकवणारा आवाज करणारा हॉर्न गाडीला लावता येत नाही. सूट आहे ती रुग्णवाहिका, अग्निशमन अशा गाड्यांना. विनाकारण हॉर्न वाजवला तर कलम १९४एफ खाली पहिल्यांदा १००० आणि पुढे २००० रुपये दंड, तो वेगळाच. २०१५ साली आपल्या राज्याने ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' बंद केलं, तेव्हा लोक हसले होते. मीही हसलो होतो.

सध्या तपासणी सुरू झाली की लोक घाईघाईने भोंगे काढतात. त्यात एक नवीन धोका दिसतोय, आणि ही पोस्ट खरं तर त्यासाठीच लिहिली. भोंगा काढतात, पण नळी तशीच ठेवून दुमडतात आणि बाइंडिंग वायरने बांधतात. मागच्या आठवड्यात कारखान्याच्या अड्ड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांखाली वाकून बघितलं, तीन गाड्यांना अशी दुमडलेली नळी, पलीकडे पूर्ण दाबाची टाकी. भोंगा काढायचा तर नळी टाकीपासून काढा, टीसुद्धा काढा, आणि त्या आट्यात पितळी डमी घट्ट बसवा. तासाभराचं काम आहे. गाडी रात्रभर उभी करून सकाळी काटा बघा. हवा जागेवर असेल तर डमी बसली.

न्हावरा, केडगाव, पाटस भागात कुणाला हे करून घ्यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा. मिस्त्री रविवारी मोकळे असतात, त्यांना विचारून ठेवलंय.