खत, पावती आणि पासबुक : १८७९ च्या दख्खन कायद्याचा एक धडा

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांवर चाल केली. हे लोण पुढे नगर जिल्ह्यातही पसरले. या दंग्यांत मनुष्यहानीपेक्षा कर्जखते व वह्या हस्तगत करून जाळण्यावरच रयतेचा भर होता, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जो कागद आपणांस वाचता येत नाही, पण ज्याच्या बळावर आपली जमीन जाते, तो नाहीसा करणे एवढाच उपाय तिला दिसत होता.

या कागदाचे सामर्थ्य वाढविले ते कायद्यानेच. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखतावरील दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा. परिणाम उलटा झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहवून घेऊ लागला. उदाहरणार्थ, दरसाल दरशेकडा २४ व्याजाने घेतलेल्या १०० रुपयांचे तीन वर्षांनी १७२ होत. तेवढ्याचे नवे खत झाले की आणखी तीन वर्षांनी देणे सुमारे २९६ वर जाई. खत न बदलते, तर दामदुपटीच्या नियमाने सावकारास एका वेळी २०० हून अधिक मागता आले नसते. हा फरक कुळास कळणे कठीण होते. ते खताखाली नांगराची निशाणी करून मोकळे होई.

चौकशी आयोगानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत खत ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावे, न्यायालयाने खतामागील व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासावा, भरणा होताच सावकाराने पावती द्यावी आणि कुळाने मागणी केल्यास हिशेबाचा उतारा व पासबुकही द्यावे, अशी तरतूद त्यात होती. हिशेब मागणे हा आता ऋणकोचा हक्क ठरला.

परंतु मागितलेला हिशेब वाचणार कोण, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. त्याचे उत्तर १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगासमोर ठेवलेल्या निवेदनात आढळते. प्राथमिक शाळेत मोडी व बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबही शिकवावा, अशी त्यांची मागणी होती. सावकाराची वही मोडीत असे, हे ध्यानी घेतल्यास या मागणीचे मर्म उमगते.

रयतेच्या कर्जबाजारीपणाचे खापर पुष्कळदा लग्नकार्यातील उधळपट्टीवर फोडले जाते. ते कारण सर्वस्वी खोटे नव्हे. पण काटकसर करणाऱ्या कुळासही व्याज मुद्दलात केव्हा मिळाले हे न कळल्यास त्याची बचत निष्फळ ठरे. म्हणून अर्थसाक्षरतेच्या इतिहासात बचतीच्या उपदेशाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व हिशेब मागण्याच्या हक्काला व तो वाचण्याच्या शिक्षणाला दिले पाहिजे. यांपैकी एकाच्या अभावी दुसरे पंगू राहते, हाच १८७९ च्या कायद्याचा धडा होय.