अमेरिकेतील गुलामांची आत्मकथने

गुलामगिरी भोगलेल्या कृष्णवर्णीयांनी स्वतःचे आयुष्य लिहून किंवा सांगून मागे ठेवले, त्या लेखनाला अमेरिकन साहित्याच्या अभ्यासात ‘स्लेव्ह नॅरेटिव्ह’ म्हणतात. 1830 ते 1860 हा या प्रकाराच्या भरभराटीचा काळ. त्याची घडण समजून घ्यायची तर एका अडचणीपासून सुरुवात करावी लागते: गुलामाच्या शब्दावर गोरा वाचक विश्वास ठेवायला तयार नव्हता.

ही अडचण जुनी होती. बॉस्टनमधील गुलाम तरुणी फिलिस व्हीटली हिचा कवितासंग्रह 1773 मध्ये लंडनला छापला गेला, तेव्हा कविता तिच्याच आहेत अशी ग्वाही देणारे, बॉस्टनच्या 18 प्रतिष्ठितांच्या नावांचे निवेदन त्याला जोडावे लागले. 1789 मध्ये ओलाउडाह इक्वियानो याचे आत्मचरित्र लंडनमध्ये निघाले. ते त्याने स्वतः लिहिले आहे, असे त्याच्या मुखपृष्ठावरच छापलेले होते. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतील अनेक राज्यांनी गुलामांना लिहायला-वाचायला शिकवण्यावर कायद्याने बंदी घातली. त्यामुळे मुखपृष्ठावरचे ते शब्द म्हणजे त्या कायद्यांना दिलेले उत्तरच ठरले.

फ्रेडरिक डग्लसच्या 1845 मधील आत्मकथनात या प्रकाराचा साचा स्पष्ट दिसतो. आधी गुलामगिरीविरोधी चळवळीचे नेते विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना, मग वेंडेल फिलिप्स यांचे पत्र आणि त्यानंतर डग्लसची कहाणी. अभ्यासक अशा प्रस्तावना-पत्रांना प्रमाणक मजकूर म्हणतात. कहाणीचे टप्पेही ठरल्यासारखे असतात: जन्मतारीख ठाऊक नसणे, आईपासून ताटातूट, डोळ्यांदेखत झालेली मारहाण, अक्षरओळख, प्रतिकार आणि पलायन. मात्र पलायन नेमके कसे केले, हे डग्लसने त्या पुस्तकात सांगितले नाही. सांगितले असते तर मागून येणाऱ्यांची वाट बंद झाली असती. खलाशाची उसनी कागदपत्रे घेऊन आपण 1838 मध्ये रेल्वेने निसटलो, हा तपशील त्याने गुलामगिरी संपल्यावर, 1881 च्या आत्मचरित्रात सविस्तर दिला. या प्रकारातील मौन किती अर्थपूर्ण असते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. 1855 च्या दुसऱ्या आत्मचरित्राला त्याने जेम्स मक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय डॉक्टरची प्रस्तावना घेतली. गोऱ्या शिफारसपत्राची गरज त्याने अशी संपवली.

हॅरिएट जेकब्सच्या वाट्याला मात्र दीर्घ अविश्वास आला. नॉर्थ कॅरोलायनातील ईडन्टन येथे मालकाच्या लैंगिक छळापासून वाचण्यासाठी ती आजीच्या घराच्या, जिथे ताठ उभेही राहता येत नसे अशा पोटमाळ्यावर जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. तिने 1861 मध्ये टोपणनावाने आपली कहाणी छापली. उत्तरेतील गोऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचण्यासाठी तिने त्या काळच्या भावनाप्रधान कादंबरीची भाषा वापरली. लिडिया मरिया चाइल्ड यांनी पुस्तकाचे संपादन केले होते. पुढे कित्येक अभ्यासकांनी ते कल्पित मानून बाजूला ठेवले. 1980 च्या दशकात जीन फेगन येलिन यांनी पत्रे व कागदपत्रे तपासून लेखिका जेकब्सच असल्याचे सिद्ध केले.

यादवी युद्धानंतर 1865 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. त्याचे पडसाद पुण्यातही उमटले. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. खुद्द अमेरिकेत 1936 ते 1938 या काळात सरकारी लेखक प्रकल्पाने पूर्वीच्या गुलामांच्या 2,000 हून अधिक मुलाखती नोंदवल्या. त्यांतही मुलाखत घेणारे बहुतेक गोरे असल्याने मोकळेपणा किती होता, हा प्रश्न उरतोच.

गुलामगिरी न भोगलेल्या लेखकांनी हा प्रकार कादंबरीत नव्याने हाताळला. त्याला ‘निओ-स्लेव्ह नॅरेटिव्ह’ म्हणतात. मार्गारेट वॉकर यांची ‘ज्युबिली’ (1966) आणि टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ (1987) ही त्याची ठळक उदाहरणे. ‘बिलव्हेड’ला 1988 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तरीही या कादंबऱ्यांआधी डग्लस आणि जेकब्स यांची मूळ कथने वाचावीत, आणि ती सोबतच्या प्रस्तावना व पत्रांसकट वाचावीत.